व्हिटॅमिन कुणाला, डबी कुणाला?

तुमच्या ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये आत्ता काय काय आहे, खरं सांगा. व्हिजिटिंग कार्डांचा गठ्ठा, बंद पडलेला चार्जर, अर्धं खाल्लेलं बिस्किटाचं पाकीट... आणि त्याच्या मागे? मल्टिव्हिटॅमिनची डबी! शेजारी पाण्यात टाकली की फसफसणारी संत्र्याच्या चवीची गोळी, केसांसाठी बायोटिनच्या गमीज, आणि मैत्रिणीने ‘घेऊन तर बघ’ म्हणत हातात कोंबलेली डी-थ्रीची पुडी. लंचनंतर पूर्वी बडीशेप फिरायची, हल्ली गोळ्या फिरतात.

‘का घेतेस गं?’ असा प्रश्न मी गेले दोन आठवडे दिसेल त्याला विचारतेय. ‘एनर्जी येते’, ‘इम्युनिटी’, ‘स्किनसाठी’, ‘जिमच्या ट्रेनरने सांगितलं’ ही उत्तरं ठरलेली. पण सगळ्यात जास्त वेळा ऐकू आलेलं उत्तर म्हणजे, ‘फायदा झाला तर झाला, नुकसान तर नाही ना!’

मंडळी, आजचा कॉलम याच वाक्यावर. फायदा होतो तो नेमका कुणाला? आणि नुकसान खरंच कुणालाच नाही?

दोन डब्यांची गोष्ट

मी मूळची तिवस्याची. अमरावतीहून नागपूरकडे निघालात की तुकडोजी महाराजांचं मोझरी लागतं, आणि त्यानंतर आमचं तिवसा. तालुक्याचं गाव. आजूबाजूला कपाशी, सोयाबीन, तूर. रुक्मिणीचं माहेर म्हणून ज्याचं नाव घेतात ते कौंडण्यपूर आमच्याच तालुक्यात. तिथून पंढरपूरला पालखी जाते. गळ्यात तुळशीची माळ असलेली घरं भरपूर, आणि माळ आली की मटण-अंडी बंद. आमच्या मावशीचं घर असंच.

मावशी साठीच्या पुढची. बारा वर्षांपासून शुगर. शुगरवर रोज मेटफॉर्मिन, आणि अ‍ॅसिडिटीसाठी सकाळी उपाशीपोटी एक गोळी, तीही कित्येक वर्षं. जेवण साधं: ज्वारीची भाकर, तुरीचं वरण, अंबाडी नाहीतर चिवळीची भाजी, सणाला पातोडीचा रस्सा. दूध म्हणाल तर चहात पडेल तेवढंच.

मागच्या वर्षी तिचं सुरू झालं. “पायाले मुंग्या येते बाप्पा. चप्पल निसटली तं समजतच नाई.” घरच्यांनी म्हटलं, शुगर आहे, शुगरने असं होतं. मग जिभेची आग व्हायला लागली. वरणात मीठ घातलं की नाही ते आठवेना. घरच्यांनी म्हटलं, वय झालं. दोन्ही कारणं इतकी पटण्यासारखी होती की वर्षभर तिसरं कारण कुणी शोधलंच नाही. शेवटी अमरावतीच्या एका डॉक्टरांनी तिची गोळ्यांची अख्खी पिशवी टेबलावर उलटी केली, एकेक स्ट्रिप बघितली आणि विचारलं, “मावशी, दूध-दही किती खाता?” मग रक्ताची एक तपासणी. बी-ट्वेल्व्ह दोनशेच्या वर असायला हवं तिथे एकशेदहा.

इंजेक्शनं सुरू झाली. काही आठवड्यांत जिभेची आग गेली, थकवा गेला, हळूहळू विसरभोळेपणाही कमी झाला. पायाचा बधिरपणा मात्र पूर्ण गेला नाही. नस बराच काळ उपाशी राहिली की नंतर कितीही खाऊ घाला, सगळं परत येतंच असं नाही.

आता गंमत ऐका. मावशीच्या कपाटात तेव्हा व्हिटॅमिनची डबी होती! पुण्याच्या मावसभावाने दिवाळीत पाठवलेली, चांगली महागातली. मावशीने ती उघडलीच नव्हती. “एवढी महागाची, कोनी पाहुनं आलं तं देईन म्हनलं.” आणि उघडली असती तरी? त्या डबीत बी-ट्वेल्व्ह होतं गोळीमागे एक मायक्रोग्रॅम. तिच्यासारख्या बाईला तेवढ्याने काही होणार नव्हतं. का, ते पुढे सांगतेच.

पुण्याच्या तरुण भावाच्या ड्रॉवरमध्ये तीच डबी. तो रोज सकाळी घेतो. त्याला तिची गरज नाही. तिला गरज आहे, पण ती डबी तिच्या कामाची नाही. व्हिटॅमिनच्या धंद्याचं सगळं त्रांगडं या दोन डब्यांत मावतं.

भरलेला रांजण

थोडा बेसिक फंडा. व्हिटॅमिन्स तेरा. शरीराला ती अगदी चिमूटभर लागतात, पण बहुतेक शरीराला स्वतः बनवता येत नाहीत, म्हणून ताटातून यावी लागतात. त्यातली सी आणि बी गटातली पाण्यात विरघळणारी. जास्त झाली की बहुतांश लघवीवाटे बाहेर. (मल्टिव्हिटॅमिन घेतल्यावर लघवी पिवळीधम्मक होते ना? ते जास्तीचं बी-टू. पैसे कुठे गेले ते डोळ्यांनी दिसतं.) ए, डी, ई आणि के चरबीत विरघळणारी. ही शरीरात साठून राहतात.

कमतरता असेल तेव्हा व्हिटॅमिनचा परिणाम जादूसारखा असतो. १७४७ मध्ये जेम्स लिंड नावाच्या ब्रिटिश नौदलाच्या डॉक्टरने स्कर्व्हीने आजारी खलाशांना संत्री-लिंबं दिली आणि काही दिवसांत ते उठून कामाला लागले. अशा गोष्टी ऐकल्या की वाटतं, आजाऱ्याला एवढं, तर धडधाकट माणसाला किती! पण रांजण रिकामा असेल तर घागरभर पाण्याचं मोल. काठोकाठ भरलेल्या रांजणात ओतलेली घागर अंगणात वाहून जाते.

म्हणून ‘व्हिटॅमिन चांगलं की वाईट’ हा प्रश्नच चुकीचा. तुमचा रांजण कुठे रिकामा आहे, ते बघायचं. त्यासाठी आधी तीन रिकामे रांजण बघू.

रांजण पहिला: बी-ट्वेल्व्ह

हे व्हिटॅमिन कुठलीच वनस्पती तयार करत नाही. ते बनवतात फक्त सूक्ष्मजंतू. आपल्यापर्यंत ते पोहोचतं मांस, मासे, अंडी आणि दुधातून. भाजी-भाकरी कितीही सात्त्विक असली तरी तिच्यात ते नाही. शाकाहाऱ्याचा आधार एकच, दूध-दही-ताक-पनीर. आणि घरातली बाई दूध सगळ्यांना वाटून उरलेल्यात चहा करते हे वेगळं सांगायला नको.

यावर जगात नाव झालेलं काम आपल्याच महाराष्ट्रात झालंय. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलमधले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी यांनी २००६ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. पुण्याच्या आसपासची खेडी, शहरातल्या झोपडपट्ट्या आणि शहरी मध्यमवर्ग अशा तीन ठिकाणचे मिळून ४४१ मध्यमवयीन पुरुष. त्यातल्या ६७ टक्के पुरुषांचं बी-ट्वेल्व्ह कमी. सगळ्यात वाईट अवस्था कुणाची असेल? खेड्यातल्यांची? नाही! शहरी मध्यमवर्गाची, तब्बल ८१ टक्के. शाकाहाऱ्यांमध्ये कमतरतेचा धोका इतरांच्या चौपटीहून जास्त. म्हणजे हा फक्त तिवस्याच्या मावशीचा प्रश्न नाही, डब्यात रोज पोळी-भाजी नेणाऱ्या तुमचाही असू शकतो.

याच टीमने १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर बायकांचा आणि नंतर त्यांच्या मुलांचा माग ठेवलाय. तिथे दोन-तृतीयांश आयांचं बी-ट्वेल्व्ह कमी होतं. फोलेट मात्र जवळपास कुणाचंच कमी नव्हतं. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षात दिसलं की ज्या आयांचं बी-ट्वेल्व्ह कमी आणि फोलेट जास्त, त्यांच्या मुलांच्या शरीरात सहाव्या वर्षी इन्शुलिनला विरोध सगळ्यात जास्त होता. मधुमेहाकडे जाणारी वाट ती हीच. दोन व्हिटॅमिन्स, एक कमी, एक जास्त, आणि हिशेब पुढच्या पिढीच्या खात्यावर! ‘जास्त झालं तर काय बिघडतं’ म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. फोलिक अ‍ॅसिडच्या मोठ्या डोसचा आणखी एक त्रास म्हणजे बी-ट्वेल्व्हच्या कमतरतेमुळे रक्तात जो बिघाड दिसायला हवा तो झाकला जातो, आणि आत नसांचं नुकसान चालूच राहतं.

आता मावशीच्या डबीचा हिशेब. जेवणातलं बी-ट्वेल्व्ह शोषण्याची शरीराची यंत्रणा एका वेळेला दीड-दोन मायक्रोग्रॅमच उचलते. ज्याचं पोट ठणठणीत, त्याला तेवढं पुरतं, कारण दिवसाची गरजच साधारण दोन-अडीच मायक्रोग्रॅमची. पण वय वाढलं की पोटातलं आम्ल कमी होतं. अ‍ॅसिडिटीच्या गोळ्या वर्षानुवर्षं घेतल्या की आणखी कमी होतं. त्यात मेटफॉर्मिनही बी-ट्वेल्व्हच्या शोषणात अडथळा आणतं. ब्रिटनच्या औषध नियामकाने २०२२ मध्ये डॉक्टरांना सांगितलं की मेटफॉर्मिन घेणाऱ्याला लक्षणं असतील किंवा धोका जास्त असेल तर बी-ट्वेल्व्ह तपासा. मावशीच्या बाबतीत तिन्ही दरवाजे अर्धवट बंद, आणि ताटातही काही नाही. अशा वेळी इंजेक्शन, किंवा हजार मायक्रोग्रॅमची गोळी. एवढा मोठा डोस का? यंत्रणा बिघडली तरी मोठ्या डोसचा साधारण शंभरावा भाग आपसूक झिरपतो. हजारातले दहा पोहोचतात, काम होतं. एकातला शंभरावा भाग किती, तो तुम्हीच काढा.

रांजण दुसरा: लग्न ठरलंय, फोलिक अ‍ॅसिडचं काय?

आपल्या ग्रुपमध्ये दर सीझनला चार लग्नं. मेन्यू ठरतो, मेंदीवाली ठरते, प्री-वेडिंग शूट ठरतं. फोलिक अ‍ॅसिडचं कुणी बोलत नाही.

गर्भधारणा झाल्यापासून साधारण २८ दिवसांत बाळाच्या मेंदूची आणि मज्जारज्जूची नळी मिटते. म्हणजे पाळी चुकली, टेस्ट केली, डॉक्टरकडे गेलो, हे सगळं होईपर्यंत ती वेळ बहुतेक वेळा निघून गेलेली असते. म्हणून फोलिक अ‍ॅसिड बाळाची तयारी सुरू करतानाच, निदान महिनाभर आधीपासून घ्यायचं आणि पहिले तीन महिने चालू ठेवायचं. नेहमीचा डोस ४०० मायक्रोग्रॅम. आधीच्या बाळात असा दोष असेल तर डॉक्टर बराच जास्त देतात. सात देशांतल्या बायकांवर झालेल्या, १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात अशा आयांना फोलिक अ‍ॅसिड दिल्यावर दोष पुन्हा उद्भवण्याचं प्रमाण ७२ टक्क्यांनी घटलं. व्हिटॅमिनच्या दुनियेत इतका स्पष्ट फायदा क्वचित दिसतो. आणि गोळी किती स्वस्त, तर आपल्या एका कॉफीच्या पैशात महिना निघावा.

मात्र शाकाहारी असाल तर त्याच वेळी बी-ट्वेल्व्हही तपासून घ्या. का, ते वर वाचलंतच.

रांजण तिसरा: उन्हाच्या देशातला डी

तिवस्यात मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो. दुपारी कुत्रंसुद्धा रस्त्यावर नसतं. अशा गावात ‘सूर्यप्रकाशाचं व्हिटॅमिन’ कमी पडतं म्हटलं की मावशी हसते. “उन्हाचा दुष्काळ? विदर्भात?”

पण बघा ना. अमरावतीत कॉलेजला जाणाऱ्या मुली स्कूटीवर बसताना चेहऱ्याला असा स्कार्फ गुंडाळतात की फक्त डोळे दिसावेत. हातात कोपरापर्यंत मोजे. शेतात कापूस वेचणाऱ्या बाया साडीवर नवऱ्याचा फुल शर्ट घालतात. आणि आपण? बेसमेंटच्या पार्किंगमधून लिफ्टने एसीत, एसीतून पुन्हा पार्किंगमध्ये. ऊन आहे, कातडीपर्यंत पोहोचत नाही. त्यात आजीने सांगितलेलं ‘सकाळचं कोवळं ऊन’ अंगाला छान वाटतं, पण डी तयार करणारे किरण त्यात फार थोडे. ते मिळतात सूर्य वर आल्यावर, साधारण अकरा ते दोन-तीनच्या दरम्यान. सावळ्या कातडीला वेळही जास्त लागतो. हिवाळ्यात टेरेसवर हात-पाय उघडे ठेवून जेवण झाल्यावर वीसेक मिनिटं बसा, तेवढाच ऑफिस गॉसिपलाही वेळ. मे महिन्यात वऱ्हाडात हा प्रयोग करू नका, प्लीज.

मग सगळ्यांनीच गोळ्या घ्यायच्या? अमेरिकेत जवळपास २६ हजार लोकांना पाच वर्षांहून जास्त काळ एकतर रोज दोन हजार युनिट डी दिलं किंवा नुसती दिखाऊ गोळी. २०१८ मध्ये निकाल आला. कॅन्सर आणि हृदयविकार होण्याच्या प्रमाणात फरक नाही. २०२२ मध्ये हाडांचा निकाल आला. फ्रॅक्चरमध्येही फरक नाही. पण थांबा, यातल्या बहुतेकांना मुळात कमतरता नव्हती. पुन्हा तोच भरलेला रांजण! ज्यांची हाडं दुखतात, ज्यांचं डी खरोखर तळाला गेलंय, त्यांना हा निकाल लागू नाही. २०२४ मध्ये हार्मोनतज्ज्ञांच्या एका आंतरराष्ट्रीय संघटनेने मार्गदर्शक सूचना काढल्या. पन्नाशीच्या आतल्या निरोगी माणसाने रोजच्या गरजेपेक्षा जास्त डी उगाच घेऊ नये, विनाकारण तपासणीही करू नये. लहान मुलं, गरोदर बायका, पंचाहत्तरीपुढचे लोक आणि मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेले, यांना मात्र फायदा होऊ शकतो.

आणि ती साठ हजार युनिटची पुडी! कमतरता असेल तर ती सहसा आठवड्याला एक, काही आठवडे, अशी देतात. ‘रोज एक’ समजून घेतली की रक्तातलं कॅल्शियम वाढतं. मळमळ, बद्धकोष्ठ, सारखी तहान, पुढे किडनीवर ताण. मैत्रिणीने दिली म्हणून घ्यायची ती गोष्टच नाही.

निळी गोळी

माझ्या मावसबहिणीची मुलगी नववीत आहे, तिवस्यातच. शाळेत आठवड्यातून एकदा निळी गोळी मिळते. लोह आणि फोलिक अ‍ॅसिडची ही सरकारी योजना २०१२ मध्ये आली आणि २०१८ पासून ‘अ‍ॅनिमिया मुक्त भारत’ या मोहिमेचा भाग झाली. लहान मुलांना गुलाबी, किशोरवयीनांना निळी, गरोदर बायकांना लाल. लोह हे व्हिटॅमिन नाही, खनिज आहे, पण ‘फायदा कुणाला’ या प्रश्नाचं आपल्या देशातलं सगळ्यात मोठं उत्तर तेच. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के भारतीय बायकांना रक्तक्षय होता. महाराष्ट्रात ५४ टक्के.

“मग तू घेते का गोळी?” मी विचारलं.

“अर्ध्या पोट्ट्या खिशात टाकते मावशी. मळमळते. अन् शी काळी होते म्हणून भेव वाट्टे.”

काळी शी म्हणजे फक्त न शोषलेलं लोह, त्यात घाबरायचं काही नाही, एवढं एक वाक्य तिला कुणी नीट सांगितलं नव्हतं. उपाशीपोटी घेऊ नकोस, जेवण झाल्यावर घे, वर लिंबू पिळलेलं काहीतरी किंवा संत्रं खा, चहा तासभर नंतर पी. आमच्याकडे वरुड-मोर्शीची संत्री ढिगाने, आणि त्यातलं सी लोह शोषायला मदत करतं. चहा नेमका उलटं काम करतो. पुढच्या सोमवारी तिचा एसएमएस आला, “घेतली. मळमळलं नाई.” या अख्ख्या कॉलमसाठी केलेल्या रिपोर्टिंगमधलं मला सगळ्यात आवडलेलं वाक्य हेच.

आमच्या तालुक्यातल्या या मुलीला फुकट मिळणाऱ्या गोळीचा खरा फायदा आहे, आणि ती खिशात जातेय. आपल्याला फायदा नाही, आणि आपण ती ऑनलाइन मागवतोय.

‘नुकसान तर नाही ना?’

आता त्या लाडक्या वाक्याकडे. फिनलंडमध्ये २९ हजारांवर सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांवर एक प्रयोग झाला. फळं-भाज्या खाणाऱ्यांना फुप्फुसाचा कॅन्सर कमी होतो, त्यांच्या रक्तात बीटा-कॅरोटिन जास्त असतं, मग ते गोळीतून देऊ, असा साधा सरळ विचार. १९९४ मध्ये निकाल आला. गोळी घेणाऱ्यांमध्ये फुप्फुसाचा कॅन्सर १८ टक्क्यांनी जास्त! तेव्हा ‘सिगारेट सोडत नाही पण अँटिऑक्सिडंट घेतो’ म्हणणारे आपल्या चहाच्या टपरीवरचे दोस्त, हे तुमच्यासाठी.

बायोटिन, म्हणजे केसवाली गमी. तिचा मोठा डोस चालू असताना थायरॉइडची किंवा हार्ट अटॅक ओळखण्याची रक्ततपासणी चुकीचा आकडा दाखवू शकते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१७ मध्ये तसा इशारा दिलाय. तेव्हा लॅबमध्ये जाण्याआधी गमीबद्दल डॉक्टरांना सांगा.

व्हिटॅमिन सी आणि सर्दी? अनेक प्रयोग एकत्र करून २०१३ मध्ये काढलेला निष्कर्ष असा, की रोज सी घेऊन सामान्य माणसाची सर्दी टळत नाही. मोठ्यांमध्ये ती साधारण ८ टक्के लवकर आटोपते, एवढंच. कडाक्याच्या थंडीत कवायत करणारे सैनिक आणि मॅरेथॉन पळणारे यांना मात्र खरा फायदा दिसला. तुम्ही मॅरेथॉन पळत नसाल तर एक संत्रं सोला. दिवसाच्या गरजेचा मोठा हिस्सा तेवढ्यात भागतो, आणि वरचा सुगंध फ्री.

आणि आपली लाडकी मल्टिव्हिटॅमिन? २०२४ मध्ये अमेरिकेतल्या जवळपास ३ लाख ९० हजार निरोगी लोकांची वीस वर्षांहून जास्त काळाची माहिती तपासली गेली. रोज मल्टिव्हिटॅमिन घेणारे न घेणाऱ्यांपेक्षा जास्त जगले नाहीत. तिने मोठं नुकसान होतं असं नाही. पण डबी घेतली की ‘हेल्थचं काम झालं’ असं वाटतं, आणि डब्यातली भाजी परत घरी जाते. माझ्या मते खरं नुकसान ते.

आणखी एक, डबीच्या मागे बघा. एफएसएसएआयचा नंबर आणि ‘औषधी वापरासाठी नाही’ अशा अर्थाची इंग्रजी ओळ असेल, तर कायद्याच्या दृष्टीने ते औषध नाहीच, अन्न आहे. दुकान मेडिकलचं असलं तरीही.

मग ठरवायचं कसं?

स्वतःला आणि घरच्यांना चार प्रश्न विचारा.

१. ताटात काय नाही? अंडी-मांस नाही आणि दूध-दहीही जेमतेम, तर बी-ट्वेल्व्हचा विचार करा. व्हेगन झाला असाल तर विचार करत बसू नका, ते घ्यावंच लागतं.

२. आयुष्याच्या कुठल्या टप्प्यावर आहात? बाळाची तयारी, गरोदरपण, बाळाला अंगावर पाजणं, वाढीचं वय, म्हातारपण या वेळांना रांजण लवकर रिकामा होतो.

३. गोळ्यांच्या पिशवीत काय आहे? मेटफॉर्मिन, अ‍ॅसिडिटीची गोळी, फिट्सची काही औषधं वर्षानुवर्षं चालू असतील तर डॉक्टरांना विचारा. पोटाचं ऑपरेशन झालं असेल तरीही.

४. शरीर काय सांगतंय? पायाला मुंग्या, जिभेची आग, दम लागणं, जास्त जाणारी पाळी, हाडं दुखणं. यासाठी आधी तपासणी, मग गोळी. उलटं केलंत तर तपासणीचा आकडा बदलतो आणि मूळ कारण शोधायचं राहून जातं.

चारही उत्तरं ‘काही नाही’ अशी आली? अभिनंदन, तुमचे पैसे वाचले. मी अठ्ठावीस वर्षांची, अंडी खाते, दही रोज, गोळ्या कुठल्याच नाहीत. माझं उत्तर सध्या तरी भाजीवाल्याकडे आहे, मेडिकलवाल्याकडे नाही.

आणि एक रिक्वेस्ट. या शनिवार-रविवारी घरी जाल, किंवा निदान फोन कराल, तेव्हा आई-बाबांना, काकूला, मावशीला ‘काय पाठवू’ असं विचारू नका. ‘तुमच्या गोळ्यांची पिशवी उघडा आणि एकेक नाव वाचून दाखवा’ असं सांगा. शुगरची गोळी किती वर्षं चालू आहे ते विचारा. पायाला मुंग्या येतात का, विचारा. “वयाने होतं बेटा” असं उत्तर आलं, तर तेवढ्यावर फोन ठेवू नका. डॉक्टरची अपॉइंटमेंट घ्या.